धाकट्या बॅटरीला आधी विचारा

मोटारीच्या बिघाडाविषयी, आणि तोही हायब्रीड मोटारीच्या, या पृष्ठावर लिहिलेले पाहून काही कार्यकर्ते मित्रांना आश्चर्य वाटेल. ज्यांच्या गावाला एस.टी.ची फेरी धड मिळत नाही त्यांनी श्रीमंतांच्या गाडीची चिंता का वाहावी, हा प्रश्न रास्त आहे. परंतु गाडी काही कायमची पहिल्या मालकाच्या दारात उभी राहत नाही. आठ-दहा वर्षांनी ती दुसऱ्याकडे जाते, मग तिसऱ्याकडे, आणि अखेरीस एखाद्या तालुक्याच्या गावी भाड्याने प्रवासी वाहून पोट भरणाऱ्या माणसाकडे येऊन टेकते. नवी गाडी मिरवण्याचे सुख पहिल्याचे. बिघाड मात्र शेवटच्याच्या वाट्याला येतो. तो बिघाड ओळखायचा कुणी, त्याचे ज्ञान कुणाच्या हाती राहायचे आणि त्यासाठी किती पैसे मोजायचे, हे प्रश्न श्रीमंतांचे नाहीत.

एक प्रसंग सांगतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे पुण्याहून कोल्हापूरला एका परिषदेसाठी निघालो होतो. गाडी एका प्राध्यापक मित्राची. हायब्रीड, पण जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली आणि हमीची मुदत केव्हाच संपलेली. साताऱ्याजवळ चहाला थांबलो. आमच्यापैकी एक जण गुडघेदुखीमुळे गाडीतच बसून राहिला आणि वेळ जावा म्हणून त्याने रेडिओ लावला. समोर ‘रेडी’चा दिवा लागलेला नव्हता, या गोष्टीला काही अर्थ असतो, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याही गावी नव्हते. पाऊण तासाने प्राध्यापकांनी बटण दाबले, तेव्हा समोरच्या फलकावर होते नव्हते तेवढे सगळे दिवे एकदम पेटले. ब्रेकचा, स्टिअरिंगचा, हायब्रीड यंत्रणेचा, वर एक तांबडा त्रिकोण. मागच्या बाजूने टक् टक् असा आवाज आला आणि सारे विझले. दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर तेवढेही झाले नाही.

कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेला फोन केला. पलीकडच्या तरुणाने अत्यंत नम्रपणे सांगितले की, हे हायब्रीड यंत्रणा निकामी झाल्याचे लक्षण आहे. गाडीला हात लावू नका, दुसऱ्या वाहनावर चढवून आणा. मोठी बॅटरी बदलावी लागली तर खर्च लाखांत जाईल, तशी तयारी ठेवा. गाडी न पाहता, एकही माप न घेता झालेले हे निदान! त्या तरुणाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे जे उत्तर लिहून ठेवलेले असेल तेच त्याने वाचले असणार.

रस्त्याच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये एक पन्नाशीचा मिस्त्री काम करीत होता. हायब्रीड म्हटल्यावर तो आधी थबकला. मग म्हणाला, “सर, मोठ्या बॅटरीच्या वाटंला मी जात न्हाई. ती दोनशे व्होल्टाची, तिच्यापाशी मस्करी नको. पर धाकटीला इचारून तर बघू.” डिकीत आमच्या पत्रकांचे गठ्ठे होते, ते उतरवल्यावर कोपऱ्यातले झाकण काढून त्याने बॅटरी उघडी केली आणि मल्टिमीटरच्या दोन सुया तिच्या टोकांना लावल्या. काटा नव्हता, आकडे होते : १०.९. “उपाशी हाय,” एवढेच तो बोलला. मदतीला तयार झालेल्या एका ट्रकवाल्याला त्याने हातानेच परत पाठवले, कारण ट्रकची यंत्रणा चोवीस व्होल्टांची असते आणि ती जोडली असती तर गाडीतल्या संगणकांची राख झाली असती. एका साध्या मोटारीची बॅटरी जोडल्यावर प्राध्यापकांनी पुन्हा बटण दाबले. मागे टक् टक् झाले, आणि ‘रेडी’चा हिरवा दिवा लागला. मग वायरी काढून त्याने पुन्हा माप घेतले : १४.१. “आता कोल्हापूरपतूर गाडी बंद करू नका. तिथं धाकटी बदला.” दुसऱ्या दिवशी ती बदलली. लाखांची तयारी ठेवायला सांगितलेला बिघाड काही हजारांत मिटला.

या प्रसंगातून मिस्त्री थोर आणि कंपनी दुष्ट असा धडा काढण्याचा मोह होतो, पण तो मला टाळावयाचा आहे. मिस्त्रीला यश आले ते नशिबाने नव्हे, तसेच अंतर्ज्ञानानेही नव्हे. त्याला त्या गाडीची एक गोष्ट ठाऊक होती आणि ती आपणही समजून घेतली पाहिजे.

हायब्रीड मोटारीत दोन बॅटऱ्या असतात. १९९७ साली जपानात विक्रीस आलेली टोयोटाची प्रियस ही मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली हायब्रीड मोटार. तिच्या दुसऱ्या पिढीतली, म्हणजे २००३ नंतरची मोठी बॅटरी उदाहरणादाखल घेऊ. तीत एकेक सव्वा-एक व्होल्टाच्या आसपासचे १६८ घट असतात. सहा-सहा घटांचा एक संच, असे २८ संच एकापुढे एक जोडून २०१.६ व्होल्टांचा दाब तयार होतो. चाकांना जोर देणाऱ्या विजेच्या मोटारी हिच्यावर चालतात. दुसरी बॅटरी तुमच्याआमच्या परिचयाची, बारा व्होल्टांची. दिवे, भोंगा, दरवाजांची कुलुपे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडीतले संगणक तिच्यावर जगतात. या गाडीत वेगळा स्टार्टर नसतो, वेगळा अल्टरनेटरही नसतो. इंजिन फिरवण्याचे काम मोठ्या बॅटरीवरची मोटार करते, आणि धाकट्या बॅटरीला खाऊ घालण्याचे काम कन्व्हर्टर नावाचा एक भाग करतो. तो मोठीचा दाब उतरवून बारा-चौदा व्होल्टांवर आणतो.

गाडी बंद असताना मोठी बॅटरी रिले नावाच्या स्वयंचलित खटक्यांनी उर्वरित गाडीपासून पूर्ण तोडलेली असते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण ते खटके जोडायला जी वीज लागते ती धाकटीची. बटण दाबले की धाकटी संगणकांना जागे करते, संगणक सारे ठीक आहे असे पाहून खटके जोडतात, आणि मग ‘रेडी’चा दिवा लागतो. आम्ही ऐकलेली टकटक त्या खटक्यांची. धाकटी दुबळी असेल तर मोठी शिगोशीग भरलेली असूनही गाडी मृतवत् उभी राहते. कोठार भरलेले, पण किल्ली सांभाळणारा रखवालदार उपाशी निजलेला, असा हा प्रकार. ‘रेडी’चा दिवा लागलेला नसताना आमच्या मित्राने पाऊण तास रेडिओ ऐकला तो या रखवालदाराच्या ताटातला घास होता. २०२० च्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या अनेक गाड्यांवर हीच वेळ आली. कारण गाडी उभी असतानाही कुलुपाचा चिमुकला संगणक आणि धोक्याची घंटा थोडीथोडी वीज पीत असतात.

या बिघाडाला ‘अकस्मात’ म्हणतात त्याचेही कारण इथेच आहे. साध्या मोटारीची बॅटरी मरायला टेकली की इंजिन सुरू होताना कण्हते. चार-आठ दिवस आधी मालकाला सूचना मिळते. हायब्रीडमध्ये इंजिन फिरवण्याचे जड काम धाकटीकडे नसल्याने ती नेहमीच्या बॅटरीहून लहान असते आणि कधी कण्हतही नाही. काल गाडी नीट होती, आज सकाळी गतप्राण. मालक घाबरतो, आणि घाबरलेला मालक हे कुठल्याही व्यापाऱ्याचे आवडते गिऱ्हाईक असते. त्यात भर अशी की, दाब पुरेसा नसला म्हणजे हे संगणक एकमेकांशी धड बोलू शकत नाहीत आणि नसलेल्या बिघाडांच्या नोंदी करून ठेवतात. समोर एकदम पेटलेले दहा दिवे म्हणजे दहा बिघाड नव्हेत. बहुधा तो एकाच उपासमारीचा आक्रोश असतो.

म्हणून निदानाचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जाणारा असावा. मल्टिमीटरची किंमत काहीशे रुपये. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर धाकटीचा दाब साडेबाराच्या वर असेल तर ती निरोगी. बाराच्या खाली असेल तर संशय घ्यावा. पुढचे दिवे लावून पाहावेत. दाब भराभर घसरू लागला तर संशय पक्का समजावा. मग ‘रेडी’चा दिवा लावून पुन्हा मोजावे. साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आकडा दिसला तर कन्व्हर्टर आपले काम करतो आहे. तो बाराच्या आसपासच रेंगाळला आणि उतरू लागला, तर मात्र दोष धाकटीचा नाही. तिला खाऊ घालणाऱ्याचा आहे, आणि तिथे नवी बॅटरी घालून काहीही साधणार नाही. सातारच्या मिस्त्रीने दुसरे माप का घेतले, हे आता वाचकांच्या ध्यानात येईल. बॅटरीची टोके सैल नाहीत ना, त्यांवर पांढरी बुरशी चढलेली नाही ना, हे तर डोळ्यांनी दिसते. एक दक्षता मात्र हवी : बॅटरी सोडण्याआधी संगणकातल्या नोंदी वाचून लिहून घ्याव्यात. बिघाडाच्या क्षणी वेग किती होता, तापमान किती होता, याची टिपणे संगणक ठेवतो. काही गाड्यांत बॅटरी सुटली की ती पुसली जातात. पंचनामा करण्यापूर्वीच जागा धुऊन काढण्यासारखे ते होईल.

येथवरचे ज्ञान कुणाही धडधाकट मिस्त्रीच्या आवाक्यातले आहे. खरा प्रश्न यापुढे सुरू होतो.

समजा, धाकटी ठीक निघाली. संगणकाला स्कॅनर लावला आणि त्याने ‘पी०ए८०’ हा क्रमांक दाखवला. टोयोटाच्या परिभाषेत या क्रमांकाचा अर्थच मुळी ‘हायब्रीड बॅटरी बदला’ असा आहे. वाचकांनी क्षणभर थांबून याचा विचार करावा. रोगाचे नाव सांगायचे तिथे थेट औषधाचे, आणि तेही दुकानातल्या सर्वांत महाग औषधाचे नाव लिहिलेले! प्रत्यक्षात संगणकाने पाहिलेले असते ते इतकेच की, दोन-दोन संचांच्या चौदा गटांपैकी एखाद्या गटाचा दाब इतरांच्या मानाने फार कमीजास्त होतो आहे. त्याची कारणे अनेक असू शकतात. एखादा संच खरोखर मेलेला असेल. संच जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढला असेल; त्या काढून घासून बसवल्या तर काम भागते. मागच्या सीटजवळच्या जाळीतून हवा ओढून बॅटरी थंड ठेवणारा पंखा धुळीने आणि केसांनी तुंबला असेल. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी. स्कॅनर साक्षीदार आहे. न्यायनिवाडा त्याने करावयाचा नसतो. चौदाही गटांचे आकडे समोर मांडा, असे म्हणण्याचा अधिकार गाडीच्या मालकाला असला पाहिजे.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एक मेलेला संच काढून त्या जागी जुन्या बाजारातला दुसरा बसवला की गाडी चालू लागते हे खरे, पण उरलेले सत्तावीस त्याच वयाचे असतात. काही महिन्यांनी दुसरा जातो, मग तिसरा. असा मालक अखेरीस नव्या बॅटरीइतके पैसे तुकड्यातुकड्यांनी घालवून बसतो. कंपनी संपूर्ण बॅटरी बदला म्हणते त्यात केवळ लोभच असतो असे नाही. वाद निर्णयाचा नाहीच. ज्या आकड्यांवरून निर्णय घ्यायचा ते आकडे मालकाला दिसतात की नाही, एवढाच आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. पावसाळ्यात गाडी एकाएकी थांबते, ऊन पडल्यावर चालते, पुन्हा पावसात थांबते. मोठ्या बॅटरीच्या वीजवाहिन्या गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून पूर्णपणे अलग ठेवलेल्या असतात. कुठे पाणी शिरले, उंदराने नारिंगी वेष्टणाची वायर कुरतडली, की थोडी वीज सांगाड्यात झिरपते. संगणक हे सतत तपासत असतो आणि ‘पी०एए६’ असा क्रमांक नोंदवून पुढल्या वेळी गाडी सुरू करण्यास नकार देतो. ते माणसाचा जीव वाचवण्यासाठी असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण गळती नेमकी कुठे? टोयोटाच्या गाड्यांत संगणक त्या क्रमांकाबरोबर एक उपक्रमांकही लिहून ठेवतो : ६११ म्हणजे वातानुकूलनाच्या बाजूला, ६१२ म्हणजे बॅटरीत, ६१३ म्हणजे गिअरपेटीतल्या मोटारींकडे, ६१४ म्हणजे जास्त दाबाच्या वाहिन्यांत. म्हणजे चोर कुठल्या गल्लीत शिरला हे गाडीला ठाऊक असते! परंतु बाजारात मिळणाऱ्या सर्वसाधारण स्कॅनरला बहुधा मुख्य क्रमांक तेवढा दिसतो, उपक्रमांक वाचायला कंपनीचेच उपकरण लागते. परिणामी स्वतंत्र मिस्त्री एक तर अंदाजाने एकेक महाग भाग बदलत सुटतो, नाही तर हात वर करतो. त्याच्या अडाणीपणाची जी टवाळी सुखवस्तू घरांतून ऐकू येते, तिचा बराचसा भाग असा निर्माण केलेला आहे. ज्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली त्यालाच आंधळा म्हणायचे!

सारेच बिघाड पत्र्याच्या शेडमध्ये उकलतील असा माझा दावा नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातल्या सुमारे १९ लाख प्रियस गाड्या परत बोलावल्या. मोठ्या बॅटरीचा दाब वाढवून मोटारींना पुरवणाऱ्या इन्व्हर्टरमधले ट्रान्झिस्टर जादा भाराखाली तापून निकामी होत आणि गाडी चालता चालता थांबण्याचा संभव असे. दोष होता तो संगणकाच्या आज्ञावलीत, आणि दुरुस्ती म्हणजे नवी आज्ञावली. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये याच प्रकारच्या सुमारे २४ लाख गाड्या पुन्हा बोलावाव्या लागल्या. बिघाड झाल्यावर गाडीने मंद गतीने का होईना कडेला जाण्यापुरते चालत राहावे, ही जी सोय होती ती काही परिस्थितीत लागूच पडत नव्हती. असल्या दोषाचे निदान कोणताही मिस्त्री मल्टिमीटरने करू शकला नसता. हजारो गाड्यांच्या नोंदी एकत्र पाहूनच ते होते, आणि ते कंपनीचेच काम आहे. तिने ते केले. पण मग यातून निष्पन्न काय होते? कंपनीची आज्ञावलीही चुकते, कधी दोनदा चुकते. चूक पकडणारे डोळे जितके अधिक तितकी ती लवकर सापडते, हे कारखान्यात काम केलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही.

कंपन्यांचा मुख्य युक्तिवाद सुरक्षिततेचा असतो. दोनशे व्होल्ट, इन्व्हर्टरनंतर पाचशे-साडेसहाशे व्होल्ट. अर्धवट शिकलेल्या माणसाने हात घातला तर तो मरेल. हे अक्षरशः खरे आहे, आणि या लेखाने कुणाला भलते धाडस सुचू नये म्हणून स्पष्ट लिहितो : नारिंगी वायर ज्याच्या त्याच्या खेळण्याची नाही. मोठ्या बॅटरीवरची जोडखूण काढून आपल्या खिशात ठेवायची, किमान दहा मिनिटे थांबून इन्व्हर्टरमधली साठलेली वीज ओसरू द्यायची, हजार व्होल्टांना पुरणारे रबरी हातमोजे घालायचे आणि दाब शून्य झाल्याचे मीटरने पाहिल्याखेरीज बोट लावायचे नाही, ही शिस्त आहे. परंतु अकरा हजार व्होल्टांच्या तारांवर आपला लाइनमन काम करतोच ना? तिथे अपघात झाला तर आपण मोजे मागतो, प्रशिक्षण मागतो, भरपाई मागतो. खांबावर चढण्याची विद्या गुप्त ठेवा असे कुणी म्हणत नाही. धोका हे शिकवण्याचे कारण आहे, दडवण्याचे नव्हे. आणि ज्ञान दडवल्याने धोका टळतही नाही. पोटासाठी गाडी चालवणारा माणूस कुणाकडून तरी ती उघडून घेतोच, आणि उघडणारा मग मोज्यांवाचून उघडतो.

आपल्या देशात हा प्रश्न अगदीच नवा नाही. २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगापुढे एक तक्रार आली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची उपकरणे स्वतंत्र कार्यशाळांना न देऊन त्यांनी बाजार अडवून धरला, असा निष्कर्ष आयोगाने काढला आणि ही साधने उपलब्ध करून द्या असा आदेश दिला. कंपन्या अपिलात गेल्या. तो निकाल ज्या गॅरेजवाल्यांसाठी होता त्यांच्यापैकी किती जणांच्या कानावर तो पोचला? मी साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत चार ठिकाणी विचारले. एकालाही माहीत नव्हते. पुढे २४ डिसेंबर २०२२ रोजी ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले, त्यात शेतीची अवजारे, मोबाईल फोन, घरगुती उपकरणे आणि मोटारी अशी चार क्षेत्रे घेतली. उपक्रम स्वागतार्ह आहे. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली आणि पुन्हा २०२० साली मतदारांनी थेट मतदान करून दुरुस्तीचा हक्क मागून घेतला. दुसऱ्या खेपेला सुमारे ७५ टक्के मते बाजूने पडली. भांडवलशाहीच्या माहेरघरी लोकांना जे मागावेसे वाटले ते मागायला आपण संकोचण्याचे कारण नाही.

आणि हायब्रीडची विद्या गरीब देशांना पेलत नाही, हे तर साफ खोटे आहे. जपानात वापरून झालेल्या प्रियस गाड्या मोठ्या संख्येने मंगोलियात जातात. उलानबातरच्या रस्त्यांवर, जिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंश आणि त्याहूनही खाली उतरतो, त्यांचीच गर्दी दिसते. श्रीलंकेतही करसवलतीच्या काळात वापरलेल्या जपानी हायब्रीड गाड्यांची अशीच आयात झाली. या देशांतल्या गॅरेजवाल्यांनी बॅटऱ्या उघडल्या, संच मोजले, चांगले-वाईट वेगळे केले, पुन्हा जुळवले. कंपनीने त्यांना बोलावून शिकवले नव्हते. गाडी संगणकाशी काय बोलते याचे बरेचसे आकडेही जगभरच्या हौशी मालकांनीच हळूहळू उलगडून एकमेकांना सांगितले आहेत. थकलेल्या बॅटऱ्यांची विल्हेवाट नीट न झाल्याने तिथे नवे प्रश्न उभे राहिले, हेही नाकारण्यात अर्थ नाही. पण ते प्रश्न सोडवायलाही बॅटरीचे ज्ञान असलेली माणसेच लागतात.

आपल्याकडे २०२२ पासून देशात बनलेल्या हायब्रीड गाड्यांची विक्री वाढू लागली. त्यांतल्या प्रमुख गाड्यांच्या मोठ्या बॅटरीला आठ वर्षांची किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची, जे आधी संपेल तेवढी, हमी आहे. म्हणजे २०३० पासून या गाड्या एकामागून एक हमीबाहेर पडू लागतील. भाड्याने धावणाऱ्यांचे किलोमीटर तर त्याच्या कितीतरी आधी भरतील. आजवर डिझेलच्या इंजिनावर हात बसवलेला मिस्त्री त्या दिवशी काय करील? तोवर त्याच्या हाती उपकरण आणि माहिती आली नाही, तर मोटार दुरुस्तीचा हा सारा विखुरलेला, स्वकष्टाने उभा राहिलेला धंदा शहरातल्या काचेच्या इमारतींकडे जाईल, आणि हा माणूस तिथे फार तर टायर बदलायला लागेल. याला यांत्रिक प्रगती म्हणावयाची माझी तयारी नाही. यंत्रात बिघाड नाही, व्यवहारात आहे.

मागण्या साध्या आहेत. बिघाडाचे सर्व क्रमांक, उपक्रमांकांसह, वाजवी किमतीच्या कोणत्याही स्कॅनरवर वाचता आले पाहिजेत. मोठ्या बॅटरीच्या प्रत्येक गटाचा दाब मालकाला लेखी मिळाला पाहिजे, आणि तो दिल्याखेरीज बॅटरी बदलण्याचे अंदाजपत्रक देता कामा नये. आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिकच्या विद्यार्थ्याला जास्त दाबाच्या विजेवर काम करण्याचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र मिळावे, आणि जे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत त्यांच्यासाठी संध्याकाळचे वर्ग असावेत. आमदारांना निवेदन द्यायला हरकत नाही, पण निवेदनाची वाट न पाहता करण्यासारखी गोष्टही आहे. तालुक्यातल्या गॅरेजवाल्यांची एक बैठक बोलवावी, दोन मल्टिमीटर आणि एक स्कॅनर वर्गणीतून घ्यावा आणि एखादी हायब्रीड गाडी दिवसभर मागून आणावी. मोठ्या बॅटरीला हात न लावताही त्या दिवसात खूप शिकता येते.

सातारच्या त्या मिस्त्रीला मी परतीच्या वाटेवर भेटलो आणि हे सुचवले. तो यायला तयार आहे; इतरांना शिकवायचे म्हटल्यावर थोडा लाजलाही. त्याची अट एकच आहे : बैठक रविवारी नको. रविवारी महामार्गावर बंद पडणाऱ्या गाड्या जास्त असतात आणि शेड बंद ठेवणे त्याला परवडत नाही.